स्टेअरिंग कोण हलवत होतं?

दिवा नको लावूस, राहू दे. डोळ्यांवर येतो. आणि तू गं धाकटे, भिंतीला टेकून नीट बस. मध्येच आईकडे पळायचं नाही. ही गोष्ट पुस्तकातली नाही. माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेली आहे, आणि तो थापाड्या नाही. थापा मारायच्या तर बोलावं लागतं, आणि हा दिवसाकाठी जेमतेम चार वाक्यं बोलणार.

सगळे त्याला पाना म्हणतात. गाड्या दुरुस्त करतो. मोठ्या रस्त्याला लागून त्याचं गॅरेज आहे. पुढे शटर, आत एक गाडी मावेल एवढी जागा आणि जमिनीत खणलेला लांबट खड्डा. गाडी खड्ड्यावर उभी करायची, आपण पायऱ्यांनी खाली उतरायचं आणि डोक्यावरच्या गाडीचं पोट तपासायचं.

गेल्या जानेवारीतला शनिवार होता. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. पाना शटर ओढायच्या बेतात होता, तेवढ्यात एक जुनी पांढरी गाडी दारात येऊन थांबली. पन्नाशीच्या एक बाई उतरल्या.

“दादा, स्टेअरिंग फार सैल झालंय हो. मी फिरवते, पण गाडी आपल्याच तंद्रीत. वाटलं तर वळते.”

“सकाळी आणा, ताई.”

“सकाळी उजाडायच्या आत निघायचंय. लेक बाळंत झालीय घाटापलीकडे. तिला नि बाळाला घरी आणायचंय.”

घाट, आणि हे असं स्टेअरिंग! पानाने शटर पुन्हा वर ढकललं.

ताईंनी गाडी खड्ड्यावर घेतली. पाना म्हणाला, “बसूनच राहा. मी खालून सांगेन तसं स्टेअरिंग हलवायचं. कुठे ढिलाई आहे ते मला खालून दिसेल. एकट्याने होत नाही हे.” एवढं सांगून तो मागे गेला. हवा भरायचं मशीन घरघरत होतं, ते बंद केलं. टॉर्च घेतला. मागच्या पायऱ्यांनी खड्ड्यात उतरला.

“हलवा, ताई.”

डोक्यावरचे दांडे हलले. डावीकडे. उजवीकडे. बरोबर सांगितल्यासारखे.

स्टेअरिंगचा दांडा खाली ज्या डब्यात येतो, त्या डब्यात ढिलाई सापडली. पानाने स्क्रू आवळला. “पुन्हा.” हललं. अजून आवळला. “पुन्हा.” हललं. ढिलाई निघून गेली होती. पाना खूश झाला. इतका, की आपणहून बोलायला लागला.

“मुलगा की मुलगी हो, ताई?”

उत्तर नाही.

“नाव ठरलं का?”

काही नाही. पानाला वाटलं, बाई आपल्यासारख्याच अबोल दिसतात. त्याला उलट बरं वाटलं.

“झालं, ताई. उतरा आता.”

स्टेअरिंग हललं.

“अहो, झालं म्हणतोय.”

पुन्हा हललं. जोरात.

आणि तेवढ्यात शटरपाशी चपला वाजल्या.

“दादा, माफ करा हं. मेडिकल बंद होईल म्हणून बाळाचे डायपर आणायला गेले होते. तुम्हाला सांगितलं, पण त्या मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नसणार.”

…

“मग गाडीत कोण होतं, काका?”

थांब की. पानालाही तेच कळत नव्हतं. खड्ड्यात उभा. टॉर्च वर धरलेला. डोक्यावर… खट्. खट्. खट्. दांडे हलतायत. कानाशी दोन्ही चाकं हिसके खातायत.

“ताई… आत येऊ नका.”

“का हो? आणि किल्लीसुद्धा माझ्याच पर्समध्ये राहिली बघा. तिच्याशिवाय स्टेअरिंग लॉक होतं ना? तुमचं काम अडलं असेल…”



खट्. खट्.

पळायचं म्हटलं तर पायऱ्या मागच्या टोकाला. वर येऊन शटरकडे जायचं ते ड्रायव्हरच्या दारावरूनच. पाय हलेनात. टॉर्चचा उजेड इकडे गेला… तिकडे गेला… आणि डाव्या चाकाजवळ पडला.

तिथे एका सांध्याची गोटी वाटीतून निम्मी बाहेर आली होती. प्रत्येक हिसक्याला आणखी थोडी वर येत होती.

डबा आवळून पाना फसला होता. खरं दुखणं हे होतं. घाटात एखाद्या खड्ड्यात चाक आदळलं असतं, तर गोटी निसटली असती. मग तुम्ही स्टेअरिंग कितीही फिरवा, चाक त्याला वाटेल तिकडे जाणार. आणि मागच्या सीटवर बाळंतीण, तिच्या मांडीवर ते एवढंसं बाळ.

पाना कसाबसा म्हणाला,

“दिसलं… दिसलं मला.”

थांबलं.

एकदम. सगळं.

बऱ्याच वेळाने पाना वर आला. गाडी रिकामी. काचा बंद. ताई दारात पिशवी धरून उभ्या. “तुम्हाला बरं नाही का, दादा? केवढा घाम आलाय, या थंडीत!” पाना फक्त म्हणाला, “एक सांधा बदलावा लागेल.” तसला सांधा त्याच्याकडे होता. बदलला. दोनदा नट तपासला. मग म्हणाला, “या, बसून बघा.”

ताईंनी दार उघडलं. बसल्या. आणि तशाच थांबल्या.

“दादा… सीट तुम्ही मागे घेतलीत?”

“मी गाडीत बसलोच नाही, ताई.”

त्यांचे पाय पॅडलपर्यंत पोचत नव्हते. सीट पार शेवटाला गेली होती.

“ही हलत नाही हो,” ताई हळूच म्हणाल्या. “आमचे हे उंच होते. त्यांची सीट अशी मागे असायची. ते गेले, तेव्हा मी माझ्यापुरती पुढे ओढून घेतली. मग ती तिथेच गंजून बसली. दोन मेकॅनिक झटले…”

त्या स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. पाना सीट पुढे ओढायला वाकला, तसा त्यांनी त्याचा हात धरला.

“राहू द्या. एखादी जाड उशी असेल तर द्या.”

उशी पाठीशी घेऊन त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी लेक आणि नात सुखरूप घरी आल्या.

आता हसताय, हसा. मागच्या महिन्यात ती गाडी तेल बदलायला आली होती, तेव्हा पानाने मला मुद्दाम बोलावून घेतलं. मी स्वतः गुडघ्यांवर बसून सीटखाली टॉर्च मारला. दोन्ही रुळांवर पुढपासून मागपर्यंत गंजाचा जाड थर आहे. एवढी जड सीट त्यावरून मागे गेली…

आणि त्या गंजावर एक ओरखडा नाही.