ओ देणारे शंख

दिवा जरा बारीक कर रे. आणि तो पंखा बंद कर, घरघरतो फार. हं... बसा.

मघाशी तू विचारलंस ना, धक्क्याच्या टोकाला सिमेंटचा गोल ओटा कशाचा म्हणून? तिथे शंख होते. माणसाच्या उंचीचे, पांढरे, सात. तैपेईहून च्येन नावाची एक मुलगी आली होती, तिने केलेले. समोर उभं राहिलं की शंख आतून उजळायचा आणि घुमायला लागायचा. तुम्ही सरकलात की तो विझायचा, शेजारचा पेटायचा. जितकं स्तब्ध उभं राहाल, तितका आवाज खोल जायचा. "अंगाची ऊब कळते त्याला," ती सांगायची. "माणूस नाही, तर उजेड नाही." उन्हाळाभर गावातली पोरं तिथेच पडीक.

मग सातवा महिना लागला, मेलेले परत येतात तो. देवळातले ओंग आजोबा भडकले. "वाटेल त्याला ओ देणारी वस्तू, ती ह्या महिन्यात, समुद्राच्या तोंडाशी? बंद करा आधी!" शेवटी ठरलं, चौदाव्या रात्री पाण्यात दिवे सोडून झाले की शंख बंद करायचे आणि महिना सरेपर्यंत झाकून ठेवायचे.

काम आलं वेन-तोंगकडे. बर्फाच्या कारखान्यातला माझा जोडीदार. विजेचं त्याला कळायचं.

त्याचा मुलगा क्वान-यू आदल्या हिवाळ्यात बोटीवरून पाण्यात गेला होता. देह मिळाला नाही. वेन-तोंग दुसऱ्या दिवशी कामावर हजर. रडला नाही, चिडला नाही. त्याची बायको युए-ये एकदा माझ्यादेखत त्याला म्हणाली, "बर्फ ओढून ओढून तुम्हीच बर्फ झालात."

"असेल," तो म्हणाला. आणि भात खात राहिला.

तर त्या रात्री दिवे सोडून लोक घरी गेले. कागदी दिवे लांब, पार काळ्या पाण्यात ठिपक्यासारखे झाले होते. वारा नव्हता. वेन-तोंगने टोकाला जाऊन मेन स्विच खाली केला. सातही शंख विझले. ताडपत्री उचलायला तो वळला...

मागे घुमलं.

समुद्राकडचा शंख उजळला होता. समोर कोणी नाही.

काय म्हणालास? स्विच नीट पडला नसेल? अरे, त्यालाही तेच वाटलं. त्याने पेटी उघडून तारच सोडवली. तार हातात आली.

शंख चालूच.

मग तो विझला. शेजारचा पेटला. मग त्याच्या शेजारचा. कुणीतरी सावकाश गोल फिरत असावं... तसं.

"भीती वाटायला हवी होती रे," तो मला म्हणाला. "वाटली नाही. काहीच वाटलं नाही."

तो पुढे गेला. एका शंखासमोर उभा राहिला. शंख विझलेलाच राहिला. त्याने हात टेकवला. गार.

शेजारचा मात्र उजळला. हातभर अंतरावर.

ह्या महिन्यात रात्री नाव घेऊन हाक मारत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. हाक मारली आणि तो आपला नसला, तरी घरी येतो. पण नाही मारली... आणि आपला असला...

वेन-तोंग उभा राहिला. खूप वेळ.

आवाज खोल जात गेला. म्हणजे तिकडचाही हलत नव्हता.

नाव जिभेवर होतं. त्याने ते गिळलं.

"जेवलास का?" तो म्हणाला.

एवढंच. रस्त्यात कुणीही कुणाला विचारतं, तसं.

सातही शंख एकदम उजळले. मग... काही नाही. अंधार. पाणी.

त्याने ताडपत्री बांधली. घरी आला. युए-ये जागी होती.

"झालं काम?"

"झालं. एक वाडगा जास्त वाढ."

"कुणाला?"

त्याने फळीवरून वाडगा काढून दिला. तिने पुन्हा विचारलं नाही. भात वाढला, वाफवलेला मासा ठेवला, जेवायच्या काड्या ठेवल्या. दार नुसतं लोटलं. दोघं आत जाऊन पडली.

सकाळी कारखान्यात लाद्या फोडताना त्याने मला हे सांगितलं. आज हवा कशी आहे ते सांगावं, तशा आवाजात. "मासा संपलाय," म्हणाला.

"मांजर असेल," मी म्हणालो.

"चल. बघ."

मी गेलो. आधीचं सगळं मी ऐकलेलं, पण हे मी पाहिलंय. युए-ये टेबलाशी उभी होती. तिने कशालाही हात लावला नव्हता. भात तसाच. आता तुम्ही-आम्ही जमिनीवरची माणसं, एक बाजू संपली की मासा उलटतो. बोटीवर जाणारा कधी उलटत नाही, बोट उलटते म्हणून. त्या घरात बोटीवर जाणारं आता कुणी नव्हतं...

माशाची वरची बाजू खाल्लेली. मग काटा उचलून खालची. मासा उलटला नव्हता.

काटा ताटलीच्या कडेला होता. डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा. सरळ ठेवलेला.