फुगे उतरले त्या सकाळी

या, अशा जवळ सरकून बसा. हरिनाम घेऊन झालं, आता एक गोड आख्यान ऐका. देवादिकांचं नाही — बंगळूरच्या दोन भाबड्या जिवांचं. साल असेल चौऱ्याण्णव-पंच्याण्णव.

मथुरेची मंडळी पिढ्यान्‌पिढ्यांची बंगळूरकर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि जिभेवर दोन्ही! चैत्रातल्या एका कीर्तनात तिच्या पुढ्यात एक उंच माणूस येऊन बसला. बुवा दिसेनात. तिनं मागून हळूच म्हटलं, “अण्णा, स्वल्प सरका की!”

तो सरकला. वळून पाहिलं... आणि पुढचं कीर्तन काही त्याच्या कानात शिरलं नाही.

हा विद्याधर. पुण्याचा इंजिनियर, सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला आलेला. पुढे घरी येणं-जाणं झालं. त्याची नजर मथुरेनं केव्हाच ओळखली होती. पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! आणि बघता बघता निघायचा आदला दिवस उजाडला, दुसऱ्या दिवशी त्याची पुण्याची गाडी.

नुकताच, काल संध्याकाळी, तिच्या भाच्याचा, रणवीरचा, वाढदिवस झाला होता. विद्याधरनं हेलियमचे फुगे आणले होते. रात्री छताला टेकलेले फुगे त्या सकाळी जमिनीवर लोळत होते, सुरकुतलेले.

“काका, तुम्ही गाठ सैल बांधलीत!” रणवीरनं आरोप ठेवला.

“गाठ पक्की आहे. चला, धरा हात. आपण सगळे फुग्याचं रबर!”

जमलेल्या मुलांनी कडं केलं. मथुरेलाही ओढलं, तिचा हात नेमका विद्याधरच्या हातात आला... दोघंही दुसरीकडे बघू लागली.

कड्यात दोघं उभी केली — शेजारची चिमुकली भव्या म्हणजे हेलियम, धष्टपुष्ट शौर्य म्हणजे साधी हवा. “आता निसटा!”

भव्या मथुरा-विद्याधरच्या धरलेल्या हातांखालून सुळ्ळकन बाहेर. शौर्य अडकला.

“बघा! रबराला बारीक बारीक फटी असतात. हेलियमचे कण इवलेसे, ते झटकन पळतात. हवेला वेळ लागतो. हेलियम कमी झाला की फुग्याला वर उचलणार कोण?”

मथुरेनं डोळे बारीक केले. “आणि तुम्ही कोण, अण्णा? उद्या गुपचूप निसटणारे?”

“मी... माझा पाय निघत नाही इथून.”

“मग सांगा की कुणाला तरी!”

“कसं सांगू? भाऊ मानणारीला असं सांगतात का?”

“भाऊ? कोण भाऊ?”

“सहा महिने अण्णा-अण्णा करताय! आमच्याकडे अण्णा म्हणजे थोरला भाऊ.”

मथुरा आधी थक्क झाली, मग हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “अय्यो! इथं रिक्षावाला अण्णा, भाजीवाला अण्णा, पोस्टमनही अण्णाच!”

“म्हणजे मी पोस्टमनच्या रांगेत?”

“होतात...” ती हळूच म्हणाली, “आता पुढे या.”

रणवीर वैतागला. “मग आता काय म्हणणार यांना?”

मथुरेचे कान लाल झाले. आतून तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या, पूजेची घंटा ऐकू येत होती. तिनं मान खाली घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला —

“अहो... आरतीला आत चला. अप्पांना विचारायचंय ना?”

तर मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या चिमुकल्या भव्याची आठवण ठेवा. ती निसटली तरी तिच्या वरचे दोन हात काही सुटले नव्हते, बरं का!