माझ्या लग्नाचा साक्षीदार

"अहो बाई, जरा इकडे या. साक्षीदार कमी पडतायत!"

विवाह नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने मला अशी हाक मारली आणि तिथून माझ्या आयुष्याचं वाटोळं सुरू झालं. आयुष्यात जे काही गोड घडलं, तेही त्याच हाकेने घडलं, म्हणून त्या माणसाला धड शिव्याही घालता येत नाहीत.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांना खुर्चीवर बसवायचं, डोळ्यांवर भिंगं चढवायची आणि तक्त्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचायला लावायची, हा माझा उद्योग. त्या दिवशी मी ताईच्या लग्नाच्या दाखल्याची नक्कल आणायला गेले होते. ताईने मूळ दाखला इतका जपून ठेवला होता, की तो तिलाच सापडत नव्हता. मी अर्ज आणि माझं ओळखपत्र टेबलावर ठेवून बाकावर बसले होते.

टेबलासमोर एक नवरा-नवरी रडकुंडीला आले होते. घरच्यांचा विरोध, आणि साक्षीला येणारे मित्र ऐनवेळी गायब. कारकुनाला एक मी सापडले. दुसरा त्याने जिन्याजवळून पकडून आणला. बंद पडलेल्या लिफ्टमधून तो माणूस नुकता अर्धा बाहेर आला होता, हातात पाना आणि नाकावर ग्रीस.

"पण मी यांना ओळखत नाही," मी म्हटलं.

"मी तरी कुठे ओळखतो?" लिफ्टवाला म्हणाला. "पण आपल्यामुळे कुणाचं लग्न अडायला नको. या, बसा."

तेवढ्यात नवरीला मळमळलं आणि ती तोंड धुवायला पळाली. तिची खुर्ची रिकामी होती, म्हणून मी तिथे टेकले. कारकुनाला जेवायची घाई होती. त्याने पान माझ्यापुढे सरकवलं आणि बोट ठेवलं. मी खाली बघायला हवं होतं... पण समोर लिफ्टवाला फडक्याने हात पुसत होता. एकेक बोट, सावकाश, जणू त्याला जगात दुसरं कामच नव्हतं.

"काय बघताय?" त्याने विचारलं.

"काही नाही. नाकाला लागलंय तुमच्या."

"कुठे?"

"तिकडे नाही... इकडे."

"आता?"

"आता सगळीकडे!"

तो हसला, मी हसले आणि हसता हसता मी सही करून टाकली. दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या मी स्वतः एक अक्षर वाचलं नाही.

पुढच्याच आठवड्यात तो दुकानात हजर.

"डोळे तपासायचेत," खुर्चीवर बसत तो म्हणाला.

"शेवटची ओळ वाचा."

"दिसत नाही."

"मग काल रस्त्याच्या पलीकडून मला हात केलात तो कसा?"

"तुम्ही दिसता हो. ओळ दिसत नाही."

त्याचे डोळे ठणठणीत होते. तरी तो येत राहिला. कधी डोळे चुरचुरतात म्हणून, कधी नुसताच. 'अहो'चं 'अगं' कधी झालं ते कळलंही नाही. संध्याकाळी दुकानाचं शटर खाली ओढताना तो अलगद माझ्या हाताशेजारी हात लावायचा, आणि ते जड शटर मला रोज आणखी थोडं उघडं राहावंसं वाटायचं. ताई म्हणायची, "या माणसाला चष्मा लागला नाही, तर तूच लावशील." माझं त्याच्यावर प्रेम होतं. सरळ, वेडं, दुसरं काही सुचू न देणारं.

मग त्याला परदेशी नोकरी मिळाली. उंच इमारती, त्यांच्या लिफ्ट, तीन वर्षांचा करार आणि मधे सुट्टी नाही. बायकोला सोबत नेता येणार होतं, पण जाण्याआधी लग्नाची नोंद व्हायला हवी होती.

"येशील?" त्याने विचारलं.

"कपडे भरू का आत्ताच?"

आम्ही लग्नाचा परवाना मागायला त्याच कार्यालयात गेलो. परवाना देण्याआधी जुन्या नोंदी तपासतात. आधी कुणाचं लग्न झालेलं नाही ना, एवढंच बघायचं असतं. कारकुनाने नोंदवही चाळली, चष्मा पुसला, परत बघितलं.

"बाई, तुमचं लग्न झालंय."

"कोणाशी?"

त्याने वही आमच्याकडे फिरवली. नवरीच्या जागी माझी सही आणि माझं नाव. साक्षीदाराच्या जागी खऱ्या नवरीची सही, तोंड धुऊन परत आल्यावर उरलेल्या रकान्यात केलेली. हा गृहस्थ आधी सगळ्यांच्या सह्या घ्यायचा आणि जेवण झाल्यावर निवांत, सह्यांवरून आणि टेबलावरच्या ओळखपत्रांवरून नावं भरायचा. दुसरा साक्षीदार बरोबर होता. तो माझ्या शेजारी उभा होता.

"म्हणजे तुझ्या लग्नाला मी हजर होतो!" तो म्हणाला आणि पोट धरून हसत सुटला. मीही हसले. शेवटचं मनापासून हसणं ते.

"दुरुस्ती होते," कारकून खाली मान घालून म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "दोघं नवरा-बायको येऊन लिहून देऊ देत, की चूक झाली. तेवढं झालं की परवाना लगेच देतो."

नोंदीत नवऱ्याचा पत्ता होता. आम्ही दोघं गेलो. दार उघडलं ते त्या नवरीनेच. कडेवर तान्हं बाळ, खांद्यावर शिंप्याची टेप. तिने आम्हाला ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला.

"तुमचे यजमान कुठे आहेत?" मी विचारलं.

"गेले," ती म्हणाली. "थंडीत. ताप डोक्यात गेला."

तीच बोलत राहिली. दाखला उद्या आणू, परवा आणू, असं नवरा म्हणायचा, पण तो आणायचा राहूनच गेला. आता दीर म्हणतो, तू आमची कोण? बाळाच्या जन्माच्या नोंदीत बापाचं नाव घालायला गेली, तर लग्नाचा कागद मागतात. आणि कार्यालयात तिच्या नावाची नोंदच सापडत नाही.

"असं कसं होईल हो?" तिने मलाच विचारलं. "तुम्ही तर होतात तिथे."

मी तिला तिथेच उंबऱ्यात सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं बाळाचं टोपडं नीट केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या टेबलासमोर बसलो होतो. कारकुनाने मृत्यूचा दाखला वाचला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"नवरा नाही म्हटल्यावर आता दुरुस्ती कोर्टातूनच. वर्षं जातील," तो हळू आवाजात म्हणाला. "पण तुमच्यापुरता एक मार्ग आहे. कागदोपत्री तुम्ही त्यांच्या पत्नी. ते वारले. म्हणजे तुम्ही विधवा, लग्नाला मोकळ्या. हा दाखला जोडा, तसं लिहून द्या. परवाना आज मिळेल."

आज! माझी अर्धी बॅग भरून तयार होती. लिफ्टवाल्याचं विमान पुढच्या आठवड्यात होतं. माझा हात पेनाकडे गेलासुद्धा, ते मी कशाला लपवू?

"आणि यांचं?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"मग यांचं काही उरत नाही. एका माणसाची विधवा एकदा नोंदली की नोंदली."

"करा सही," नवरी म्हणाली. "माझं जे जायचं ते गेलंय. तुमचं तरी होऊ दे." बाळ तिच्या मांडीवर टेबलाच्या कडेला हात मारत होतं.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो नको म्हणाला असता तर मी त्याच्यावर चिडू शकले असते. हो म्हणाला असता तर मी सही केली असती. त्याने फक्त माझ्याकडे बघितलं, आणि त्या डोळ्यांत मला सोबत न्यायची इच्छाही होती आणि लाजही.

"कोर्टाला काय लागतं?" मी कारकुनाला विचारलं.

"तुमचा अर्ज. यांचा अर्ज. आणि त्या दिवशी हजर असलेल्या दुसऱ्या साक्षीदाराचा, म्हणजे या साहेबांचा जबाब, की नवरी तुम्ही नव्हता, या होत्या. तो त्यांना परदेशी जायच्या आधीच द्यावा लागेल." तो अडखळला. "पण साक्षीदार अर्जदाराच्या संबंधातला चालत नाही. नाहीतर यांच्या दिराचा वकील म्हणेल, बाईशी लग्न करायचंय म्हणून खोटं बोलतोय. तुमचा परवान्याचा अर्ज आधी मागे घ्या. आणि जबाबात तसं स्पष्ट लिहावं लागेल."

आम्ही अर्ज मागे घेतला. वाटलं होतं त्यापेक्षा लवकर झालं. निकाल लागेपर्यंत मी एका परक्या मेलेल्या माणसाची बायको आणि तो समुद्रापलीकडे. निकाल कधी लागेल, तोवर कोण कोणाचं राहील, कोण जाणे. मला जोरात रडायचं होतं, पण त्या खोलीत रडायचा पहिला मान माझा नव्हता.

लिफ्टवाल्यापुढे कागद आला. त्या दिवशी काय पाहिलं ते त्याने भराभर लिहिलं. शेवटच्या ओळीपाशी त्याचा हात थांबला.

"मला जमत नाही गं," तो म्हणाला.

"मी सांगते. तू लिही."

मी त्याच्या शेजारी सरकले. ग्रीसचा तो वास आला, आणि मी एकेक शब्द सांगायला लागले, तक्त्यावरची अक्षरं वाचून दाखवावीत तसे.

"माझं... या बाईंशी... कोणतंही नातं नाही... आणि पुढेही... ठेवण्याचा... माझा हेतू नाही."

त्याने लिहिलं. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाला, "हे खोटं आहे."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "सही कर."