मालनअक्कांची दिनछाया

प्रयोगशाळेत मालनअक्का आवटी तिसऱ्यांदा अंथरुणाला खिळल्या, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. खऱ्या मालनअक्का त्या वेळी तिथून दीड किलोमीटरवर, मिरजेच्या जुन्या बाजारामागे, आपल्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. एका सकाळीत आपण तीनदा आजारी पडलो याची त्यांना कल्पना नव्हती. असती, तर त्यांनी पडद्यालाच चार शब्द सुनावले असते.

"फेरीसेवेतही पडल्या," फैयाज मुजावर म्हणाला. "आठव्या महिन्यात. म्हणजे तिन्ही पर्याय गेले."

गृहसेवा तुलना केंद्राच्या प्रमुख डॉ. रेवती शिरगुप्पे पडद्याजवळ गेल्या. मुजावर हा त्यांचा गणिती. त्यांच्या मागे, दाराजवळच्या खुर्चीत, मोजणीदार उत्तम कुरणे मांडीवर वही ठेवून ताठ बसले होते. वय एकाहत्तर. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कृष्णेची पाणीपातळी मोजून निवृत्त झालेला हा माणूस. दोन महिन्यांपूर्वी केंद्राने त्यांना कामावर घेतले होते आणि मालनअक्कांच्या घरची मोजणी त्यांच्याकडे दिली होती. तुलना प्रत्यक्ष चालताना बघायला ते आज पहिल्यांदाच आले होते.

"मला जरा समजावून सांगाल का?" कुरणे म्हणाले. "मी चाळीस दिवस नुसते आकडे आणून दिले. त्यांचं इथं काय होतं?"

"त्यांची दिनछाया होते, काका," मुजावर म्हणाला. "अक्कांच्या हातातली मनगटपट्टी त्यांची नाडी, पावलं आणि झोप सांगते. दारं, चूल, नळ यांवरच्या संवेदकांवरून त्या केव्हा काय करतात ते कळतं. चाळीस दिवसांत माणसाच्या सवयी पकडता येतात. मग यंत्रात त्या सवयींचा एक माणूस उभा करायचा आणि त्याला पाच वर्षं जगवून बघायचं. इथं त्याला तास लागतो."

"आणि पर्याय?"

"सरकार तीन प्रकारची मदत घरपोच देतं," रेवती म्हणाल्या. "फेरीसेवेत प्रशिक्षित सेवक दिवसातून दोनदा येतो, स्वयंपाक करतो, औषधं देतो. गृहसखा म्हणजे घरात राहणारं यंत्र. गरम जेवण समोर ठेवतं, पडलात तर उचलतं. दूरनजर म्हणजे भिंतीतून पाहणारी नजर आणि तीन वेळा चौकशी करणारा आवाज. कुणाला यातलं काय मानवेल हे आधी छायेवर तपासायचं, मग माणसाला द्यायचं. पूर्वी उलटं व्हायचं."

"आणि तिन्ही पडले तर?"

रेवती त्यांच्याकडे वळल्या. "तर घरी ठेवणं धोक्याचं, असा नियम आहे. सोमवारी समिती बसेल आणि अक्कांना निवासी केंद्रात हलवायला सांगेल."

अक्कांना ते घर सोडून इतर कुठे कुरणे कल्पूच शकत नव्हते. तिथे त्यांनी अडतीस वर्षं खानावळ चालवली होती. रेल्वेची माणसं आणि डॉक्टरकीची पोरं त्यांच्या हातचं जेवून मोठी झाली होती. यंदा गुडघे गेले तेव्हा खानावळ बंद झाली. मुलगा नव्हता, नवरा आधीच गेला होता. उरलं ते स्वयंपाकघर आणि भिंतीला टेकवून ठेवलेले पंचवीस पाट.

"विचित्र एकच आहे," मुजावर डोकं खाजवत म्हणाला. "मोजणीचे चाळीस दिवस जसेच्या तसे पुढे चालवले, तर या बाई पाच वर्षं ठणठणीत राहतात. त्यात आपली कुठलीही मदत घातली, की आठ महिन्यांत आडव्या. पहिल्यांदा खाणं सुटतं. गृहसखा ताट समोर ठेवतो, तरी खात नाहीत. मदतीनं माणूस मोडतोय असं दिसतं. नाहीतर माझं गणित तरी चुकलंय."

कुरणेंनी वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. गणित चुकलं नव्हतं. आकडाच अपुरा होता, आणि तो कुणी लपवला हे खोलीत फक्त त्यांना ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी ते अक्कांकडे गेले तेव्हा साडेबारा झाले होते. संवेदक तपासून, आकडे टिपून ते निघाले, तर अक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या होत्या.

"कुठं चाललाय? पान मांडलंय."

"नको अक्का. आम्हाला नियम आहे. बारावं कलम. लाभार्थीच्या घरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही."

"नियम तुमच्या हापिसात ऱ्हाऊ दे. मांडलेलं पान मी अजून कधी उचललेलं न्हाई. बसा."

ज्वारीची भाकरी, मेथी, आमटी, वर शेंगदाण्याची चटणी. कुरणे दोन घास खाऊन उठायचं ठरवून बसले आणि तिसरी भाकरी संपल्यावर उठले. त्यांची पत्नी गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षांत, ते असे जेवले नव्हते. घरी बिस्किटं आणि चहा यांवर भागायचं. दुसऱ्या दिवशी ते कानाला खडा लावून गेले होते, पण पान मांडलेलंच होतं. असे चाळीस दिवस गेले. नाडी, पावलं, चुलीची वेळ, नळाची वेळ, सगळं वहीत नोंदलं गेलं. जेवण तेवढं नोंदलं गेलं नाही. ज्या माणसाने ऐन पुरात छातीभर पाण्यात उभं राहून बरोबर पातळी लिहिली होती, त्याने चाळीस दिवस रोज खोटी नोंद केली होती, आणि ती खोटी आहे हे त्याला रोज बोचत होतं.

"मुजावर," कुरणे उभे राहिले. "तुमचं गणित बरोबर आहे. मी तिथं रोज जेवत होतो."

मुजावर खुर्चीतच गर्रकन वळला.

"रोज?" रेवतींनी विचारलं.

"चाळीसही दिवस. बारावं कलम मोडलं. मला काढायचं तर काढा, पण त्यापायी अक्कांना हलवू नका."

मुजावरला काढण्याबिढण्यात रस नव्हता. त्याचे डोळे चमकले. "आणि अक्का तुमच्याबरोबर बसायच्या?"

"छे! खानावळवाली बाई ती. शेवटचं पान उठल्याशिवाय स्वतः जेवत नाही. माझं ताट उचललं की मग आपलं वाढून घ्यायची."

"तेच!" मुजावरने टेबलावर थाप मारली. "मॅडम, मोजणीदाराला आपण छायेत धरतच नाही. नियमाप्रमाणे तो भिंतीसारखा. म्हणून पर्याय घालताना मी त्याला सरळ काढून टाकला. पण या बाईंची भूक घड्याळावर चालत नाही. समोरच्याचं ताट रिकामं झालं की त्यांना भूक लागते. अडतीस वर्षांची सवय. फेरीसेवक जेवत नाही, कारण बारावं कलम. यंत्र जेवत नाही, कारण ते यंत्र. भिंत तर..."

"सेवकाला जेवायची परवानगी दिली तर?"

"त्याला दिवसाला चौदा घरं असतात. चौदा ठिकाणी जेवला तर त्यालाच आपल्या योजनेत घ्यावं लागेल."

"मी जाईन," कुरणे म्हणाले. "मोजणी संपली तरी जाईन. माझ्या नावाने चालवून बघा."

"चालवतो की. तुमच्या पट्टीचे आकडे आहेतच." मुजावरने चटकन दुसरी फाइल उघडली, आणि रेवतींनी हात पुढे करेपर्यंत उशीर झाला होता.

पडद्यावर नाव आलं: कुरणे उत्तम, लाभार्थी. खाली तीन पर्याय आणि तीन निकाल. फेरीसेवा: सेवकाला दारातून परत पाठवतो, अयशस्वी. गृहसखा: यंत्र बंद करून कपाटात ठेवतो, अयशस्वी. दूरनजर: भिंतीशी बोलायला नकार, अयशस्वी. त्याखाली एक ओळ होती: प्रायोगिक उपाय, मोजणीचे काम, चाळीस दिवस.

कुरणेंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. यंत्र जुळवायला मोजणाऱ्याचीही पट्टी लागते, असं नेमणुकीच्या दिवशी सांगून ती बांधली होती.

"अर्ज कुणी केला?"

"तुमच्या मुलीनं," रेवती हळू आवाजात म्हणाल्या. "हैदराबादहून आली होती तेव्हा. तुम्ही दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नव्हता. काका, नेमणूक खोटी नाही. तुमच्या आकड्यांवरच आम्ही काम करतोय. पण हो, तुम्हाला मोजलंही जात होतं. आधी सांगितलं असतं, तर आला असता?"

कुरणेंना राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. जन्मभर नदी मोजलेल्या माणसाला कुणीतरी गुपचूप मोजत होतं, आणि नदी उतरत चालली आहे हे सगळ्यांना दिसत होतं.

"तुमचंही एक कोडं होतं," मुजावर ओशाळून म्हणाला. "आम्हाला वाटलं कामामुळे तुम्ही सावरलात. पण तुमची छाया सकाळी कामाला निघताना नाही, बरोबर साडेबाराला उजळायची. आता कळलं." त्याने दोन्ही छाया एका घरात, एका ताटाशी जोडल्या आणि कळ दाबली.

या वेळी कुणी खुर्चीत बसलं नाही. तासाभरात पाच वर्षं गेली. पडद्यावरच्या अक्का चौऱ्याऐंशीच्या झाल्या आणि भाजी निवडत राहिल्या. पडद्यावरचे कुरणे शहात्तरचे झाले आणि रोज साडेबाराला दारात उभे राहिले.

"हा चौथा पर्याय मी सोमवारी मांडते," रेवती म्हणाल्या. "पण दोन फॉर्म लागतील. अक्कांच्या फॉर्मवर सेवक तुम्ही. तुमच्या फॉर्मवर सेवक अक्का."

"माझा कशाला? अक्कांचं काम झालं म्हणजे झालं. मला कुणाची सेवा नको."

"तुम्ही आजारी पडलात तर त्यांच्याकडे कोण जेवणार? एक छाया पडली की दुसरी पडते, काका. एकच फॉर्म आला तर समिती तो मान्य करणार नाही."

कुरणेंनी दोन्ही कागद घडी करून खिशात घातले आणि बाहेर पडले. वाटेत त्यांनी ठरवलं, अक्कांच्या फॉर्मवर सही घ्यायची आणि आपला फाडून टाकायचा. एका म्हाताऱ्या बाईसमोर आपण लाभार्थी म्हणून उभे राहणार नाही. समितीचं समितीने बघावं. पण फाडायचं म्हणून खिशात हात गेला, की त्यांना भिंतीला टेकलेले पंचवीस पाट दिसत, आणि हात तसाच बाहेर येई.

ते पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. अक्का उंबऱ्यापाशीच बसल्या होत्या. आत पान झाकून ठेवलं होतं, आणि त्यांचं स्वतःचं ताट कोरडं होतं.

"वाट बघून डोळं दुखलं. आजारी पडला का काय म्हटलं."

"उशीर झाला, अक्का. एक सही हवी होती." कुरणेंनी खिशातून कागद काढले. घाईत दोन्ही हाताला आले. अक्कांनी वरचा ओढून घेतला, चष्मा लावला आणि वाचला. तो कुरणेंचा स्वतःचा होता.

अक्कांनी एक शब्दही न विचारता सेवकाच्या रकान्यात सही केली.

"एवढ्या दिसांनी आणला व्हय कागद?"

"तुम्हाला... ठाऊक होतं?"

"न सांगता कळतंय की. पयल्या दिवशी तुम्ही आलासा, तवा सदऱ्यात दोन माणसं मावली असती. आन् हातात पट्टी, माझ्यासारखीच. मोजणाऱ्याला कशाला पट्टी? म्हटलं, सरकारनं माणूस जेवायला धाडलाय, पर सांगायला लाजतंय. मग मीबी कशाला बोलू?"

कुरणेंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. ते लपवायचा त्यांनी फारसा प्रयत्न केला नाही.

"आन् ह्यो दुसरा कागद?"

"यात सेवक मी आहे, अक्का. आणि लाभार्थी तुम्ही."

"तुम्ही माझी सेवा करणार? भाकरी तरी थापता येती का?"

"नाही."

"मग काय करणार?"

"जेवणार," कुरणे म्हणाले. "रोज, साडेबाराला. तेवढं मला जमतंय असं यंत्र म्हणतं."

अक्कांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग झाकलेल्या पानाकडे, मग आपल्या कोरड्या ताटाकडे. काय समजायचं ते त्या समजल्या असाव्यात, कारण पुढे त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या कागदावरही सही झाली.

"चला, बसा. आमटी दोनदा गरम केली."

कुरणे बसले. त्यांचं ताट रिकामं झालं तेव्हा अक्का गुडघ्यावर हात देऊन उठल्या, ते उचललं आणि आपलं वाढून घेऊन समोर बसल्या. कुरणेंनी घड्याळ पाहिलं, वही उघडली आणि चाळीस दिवस राहून गेलेली नोंद नीट अक्षरात केली.

एक वाजून पस्तीस मिनिटे. लाभार्थी जेवला.

एक वाजून चाळीस मिनिटे. लाभार्थी जेवायला बसली.