कोवळ्या बर्फावर थांबायचं नसतं

आविके मला पहिल्यांदा दिसला तो पालथा पडलेला. पलीकडच्या गावाहून बोटीने इथल्या त्याच्या मामासाठी सीलचं मांस घेऊन आला, किनाऱ्यावर घसरला आणि पिशवीसकट माझ्या कुत्र्यांच्या पुढ्यात.

"तुझी का ही?"

मी भुवया उचलल्या. हो.

"मांस परत मिळेल?"

मी नाक मुरडलं. नाही.

तो हसला. टोपीच्या केसाळ झालरीतून नुसते डोळे दिसत होते... तेवढे मला पुरले.

दुसऱ्या दिवशी त्याला परतायचं होतं. पण सकाळी समुद्राची चमकच गेलेली. बर्फाच्या बारीक सुयांचा थर तेलाच्या तवंगासारखा पाण्यावर पसरला होता. आता बोट निघणार नव्हती आणि कुत्र्यांनी ओढायची स्लेज चालेल असा बर्फ अजून नव्हता.

"अडकलास," मी म्हटलं.

"अडकलो खरा," तो म्हणाला. वाईट वाटल्याचं काही चिन्ह दिसेना.

मग रोज आम्ही समुद्र बघायला जाऊ लागलो. लाटांनी तवंग घुसळला, त्याच्या गोल चकत्या झाल्या, आणि एकमेकींना धक्के देता देता त्यांच्या कडा ताटांसारख्या वर आल्या. ताटं एकमेकांना चिकटायला लागली की उत्तरेचा वारा सगळं लोटून दूर न्यायचा. मागे पुन्हा उघडं, काळं पाणी. त्यावर पुन्हा तवंग, पुन्हा ताटं.

"कंटाळत कसा नाही हा समुद्र?"

"बर्फ धरायचा म्हणजे धरायचा, असं ठरवलंय त्याने," मी म्हटलं.

"पिपालुकसारखंच की," तो म्हणाला. "हट्टी—"

माझं नाव त्याच्या तोंडी फार बरं वाटलं. मला तो आवडला होता, आणि वारा पडूच नये असं मला वाटत होतं.

पण वारा पडला. किनाऱ्याजवळ पातळ, काळा बर्फ सलग धरला आणि त्यावर हिमाची पांढरी फुलं उगवली. आविकेने एक खुडून माझ्या तळव्यावर ठेवलं. मी चाखलं. खारट.

"असली फुलं देतं का कुणी?"

"या दिवसांत दुसरी उगवत नाहीत. काय करू?"

मी मन घट्ट केलं. "गेलास की... परत येशील? माझ्यासाठी?"

तो खाली वाकलेला, झालर डोळ्यांवर. एक शब्द बोलला नाही. मी उठले आणि घरी आले.

बर्फ जाड झाल्यावर माझे काका त्याला सोडायला निघाले. "मी सोडते," मी म्हटलं. बाबांनी नको म्हणून पाहिलं, पण मी कुत्री जुंपली होती. 'नाही' तर 'नाही', पण ते मी माझ्या कानांनी ऐकणार होते.

वाटेत मधोमध वाऱ्याने बर्फ फाडला होता, आणि त्या फटीवर नुकताच नवा बर्फ धरलेला. मी लोखंडी टोकाची काठी हाणली. आरपार गेली नाही. कुत्र्यांना पंख्यासारखं पसरवून मी स्लेज घातली. खालचा बर्फ लवायला लागला.

पुढे बसलेला आविके म्हणाला, "थांबू नकोस हं."

"कोवळ्या बर्फावर थांबायचं नसतं, मला शिकवू नकोस. त्या दिवशीचं उत्तर दे."

"दिलं की तेव्हाच."

"कधी?"

"भुवया उचलल्या ना मी. तर तूच उठून गेलीस... वाटलं, तुझंच मन फिरलं."

"त्या झालरीत काय डोंबल दिसणार?"

तो सावकाश वळून माझ्याकडे तोंड करून बसला आणि टोपी मागे सारली. त्याच्या भुवयांवर हिम जमलं होतं. जातील तितक्या वर त्याने त्या उचलल्या.

"दिसलं?"

बर्फ लवत होता, हात मोकळे नव्हते, नाहीतर तिथेच त्याला मिठी मारली असती.

"नाही दिसलं," मी धडधडीत खोटं बोलले. "परत दाखव."

त्याने पुन्हा भुवया उचलल्या, आणि पलीकडचा किनारा येईपर्यंत खाली घेतल्या नाहीत.