ओ'लिहानांसाठी रडणारी

आमचं आडनाव ओ'लिहान. आमच्या आयरिश भाषेत 'ओ' म्हणजे नातू, आणि लिहान म्हणजे करड्या केसांचा. अशा कुणा मूळपुरुषाची आम्ही नातवंडं. इंग्रजांच्या अमलात खापरपणजोबांनी 'ओ' गाळला, आजोबांनी तो परत लावला. मी शाळेत गणित शिकवतो. यापलीकडे मला त्या आडनावाचं कौतुक नव्हतं.

गावाला मात्र आहे. 'ओ' लावणाऱ्या जुन्या घराण्यातलं कुणी गेलं की एक बाई त्याच्यासाठी रडते म्हणे, आणि ते फक्त त्या रक्ताच्या माणसांना ऐकू येतं.

फिनबारला आम्ही कॉर्कच्या अनाथाश्रमातून आणलं, तेव्हा तो जेमतेम चालत होता. माझी बहीण गोबनेट तेव्हाच फणकारली होती, "आडनाव चिकटवलं म्हणून रक्त येतं होय?"

काल सकाळी फिनबार बोट घेऊन बांगडे धरायला गेला, तो परतलाच नाही. आज दुपारी लख्ख ऊन होतं. गोबनेट पाव कापत होती. माझी बायको युना खिडकीपासून हलत नव्हती.

"ती रडली नाही ना हो?" युनाने मला विचारलं. ती लग्न होऊन या घरात आलेली. तिला ऐकू येणार नव्हतं.

"नाही."

"रडेल कशाला, वहिनी?" गोबनेट म्हणाली. "तो थोडाच आपल्या रक्ताचा आहे."

"असता तर बरं झालं असतं, वन्सं," युना म्हणाली. "ती गप्प आहे म्हणजे तो जिवंत आहे, एवढं तरी धरून बसले असते."

"पुरे ती खुळं," मी म्हणालो.

आणि तेवढ्यात ते आलं.

बारीक, लांबलचक रडणं. वारा असेल म्हणून मी झाडाकडे पाहिलं. पानही हलत नव्हतं.

गोबनेटच्या हातून सुरी गळून पडली. ती माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "आपलाच होता रे. अरे, आपलाच होता."

इतकी वर्षं तिच्या तोंडून मला हेच ऐकायचं होतं. माझं काळीज फाटलं.

"काय झालं?" युनाने विचारलं.

"काही नाही."

ती पुन्हा बाहेर बघू लागली.

"अहो, आपल्या कुंपणाशी कुणी म्हातारी बसलीय. करडे केस विंचरतेय. चिंब भिजलीय हो बिचारी. आत बोलावू?"