विहिरीवरची सात घरटी

"बाई, खोपं म्या पाडलं न्हाईत," लालासाहेब साळुंखे खुर्चीत नीट बसायच्या आतच म्हणाले.

नूरजहां इनामदारांनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. वीस वर्षं विम्याचे खोटे दावे उघडे पाडल्यावर त्यांनी साताऱ्यात स्वतःचं तपासाचं ऑफिस काढलं होतं. दाराशी उभा असलेला सयाजी त्यांचा ड्रायव्हर आणि मदतनीस. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा गडी अंगानं दणकट होता, डोक्यानं जरा सावकाश.

हकीकत अशी होती. फलटणजवळ साळुंख्यांची विहीर, तिच्यावर झुकलेली बाभळ आणि बाभळीला सुगरण पक्ष्यांची एकतीस घरटी. मादी कोणतं घरटं पसंत करते, यावर साताऱ्याच्या एका कॉलेजातली शिवांजली आणि धैर्यशील जूनपासून एम.एस्सी.चा प्रबंध करत होते. रविवारी साळुंखे मंडळी औंधला यमाईला गेली. परत येऊन बघतात तर सात घरटी कापलेली आणि शेळ्यांना पाला काढायची त्यांचीच आकडी झाडाखाली पडलेली.

"पाखरं बाजरी खात्यात, एक दिस झाडच तोडतो, असं म्या त्या पोरांना बोललो व्हतो. रागात बोलतो मानूस. पन आता वनखात्याचं लोक उद्या जबाब घ्यायला येनार. पोरगं फौजेत हाय माजं. त्याला काय तोंड दाखवू?"

"रविवारी वस्तीवर कोणी नसणार, हे कुणाला माहीत होतं?"

"शिवांजलीला फोन केलता. तिनं त्या पोराला सांगितलं आसंल."

लालासाहेब पुढे गेल्यावर सयाजी म्हणाला, "मॅडम, बाजरी ह्याची, आकडी ह्याची, बोलला पण हाच. अजून काय बघायचं?"

"झाड बघायचं," नूरजहां म्हणाल्या.

दीड तासानं दोघं बाभळीखाली उभे होते. वर चोवीस घरटी झुलत होती आणि पिलांचा कलकलाट चालला होता. शिवांजली आधीच आली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"झाड आम्ही वाटून घेतलं होतं," तिनं सांगितलं. "शेताकडची बाजू माझी, विहिरीकडची धैर्यशीलची. तो गुरुवार ते शनिवार येतो, मी सोमवार ते बुधवार. रविवारी सुट्टी. घरट्यात काय आहे ते काठीला फोन बांधून बघायचं आणि वहीत लिहायचं. मंगळवारी आमच्या प्राध्यापिका पल्लवी मॅडम घरट्यात आत जाणारा नळीचा कॅमेरा घेऊन आमची नोंद तपासणार होत्या. त्याच्या आत हे झालं."

"घरटं बांधतात कसं?"

"नर आधी नुसती टोपी विणतो. खालून उघडी, मधे एक आडवी पट्टी. मादी येते, पट्टीवर बसते, ओढून बघते. पसंत पडलं तर मग अंड्यांची खोली आणि खाली नळी. नाही तर ती टोपी तशीच लटकत राहते."

नूरजहांनी वही चाळली. कापलेल्या सातांपैकी दोन शिवांजलीची होती, त्यांच्यापुढे 'टोपी, मादी नाही' असं लिहिलेलं. पाच धैर्यशीलची. शनिवारच्या नोंदी होत्या: तीन अंडी, चार अंडी, तीन, दोन, तीन.

"कापलेली घरटी कुठं आहेत?"

"पान्यात पडल्याली," लालासाहेब म्हणाले. "मोटारीत अडकाय नको म्हनून काल काढली. गोठ्यात वाळत्यात. पल्लवी मॅडम झाड बघाय आल्त्या, पन ही काढायच्या आदीच गेल्या."

गोठ्यात सातही घरटी ओळीनं ठेवली होती. प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी बांधलेली. नूरजहांनी एकेक उचललं आणि खालून हात घातला. पट्टीच्या दोन्ही बाजूंनी हात सरळ वर, छपरापर्यंत गेला. सातही वेळा तसंच.

"अंडी विहिरीत बुडाली असणार," सयाजी म्हणाला.

नूरजहांनी शेवटचं घरटं खाली ठेवलं.

"धैर्यशील कसा मुलगा आहे?"

"पोरगी येती तवा पानी मागती, बोलती," लालासाहेब म्हणाले. "पोराचं म्हनाल तर मला ठाव न्हाई. माजं काम तिकडं उसात."

संध्याकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्राध्यापिका डॉ. पल्लवी, शिवांजली, धैर्यशील आणि लालासाहेब जमले. धैर्यशील उंच, सडपातळ, बोलायला नम्र. नूरजहांनी सात घरटी टेबलावर मांडली.

पल्लवींनी एक उचललं, खालून पाहिलं आणि लगेच दुसरं उचललं.

"बाजरी वाचवायची असती, तर लालासाहेबांनी पिलांनी भरलेली घरटी पाडली असती," नूरजहां म्हणाल्या. "रिकाम्या टोप्या पाडून बाजरीचा एक दाणासुद्धा वाचत नाही. कापणाऱ्यानं नेमक्या टोप्याच निवडल्या. पिलांना त्यानं धक्का लावला नाही."

"मग अंडी?" सयाजीनं विचारलं.

"सयाजीराव, तळच नसलेल्या घरट्यात अंडी राहतील कशी? विहिरीत पडायला ती आधी घरट्यात हवीत. शिवांजलीची नोंद घरट्यांशी जुळते. या पाचांची जुळत नाही. अंडी फक्त वहीत होती. मंगळवारी कॅमेरा आला असता, तर हे सगळ्यांना दिसलं असतं. घरटीच नसली तर कोण काय तपासणार? फक्त स्वतःचीच पाडली तर संशय येईल, म्हणून शिवांजलीच्या दोन टोप्याही कापून विहिरीत टाकल्या. पाण्यात पडून कुजतील असा हिशेब होता. पण गवताची घरटी तरंगली आणि लालासाहेबांनी ती बाहेर काढली."

सगळ्यांनी धैर्यशीलकडे पाहिलं. तो खाली बसला.

"वडिलांनी सांगलीत स्पर्धा परीक्षेचा क्लास लावला," तो म्हणाला. "गुरुवार ते शनिवार. तीन आठवडे मी झाडाकडे गेलोच नाही. जुलैत या टोप्या नव्या होत्या. वाटलं, एवढ्यात अंडी झाली असतील. रविवारी नोंद बघून घ्यावी म्हणून गेलो, तर तशाच लटकत होत्या. आकडी समोर दिसली. काकांवर आळ येईल, हे तेव्हा सुचलंच नाही."

"नंतर सुचलं होतं ना?" शिवांजलीनं विचारलं.



पल्लवींनी त्याच्या सगळ्या नोंदी बाद केल्या. पुढच्या पावसाळ्यात पहिल्यापासून काम, नाही तर पदवी नाही, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजीच धैर्यशीलला फलटणला घेऊन गेला. आपण म्हाताऱ्याला एका घटकेत चोर ठरवलं होतं, हे सयाजीला वाटेत चांगलंच टोचत होतं. वनखात्याच्या माणसांसमोर, शेजारपाजारच्या लोकांसमोर धैर्यशीलनं सगळं सांगितलं आणि जबाबावर सही केली.

लालासाहेबांनी बाभळीकडे बोट दाखवलं.

"फुडल्या साली ये," ते म्हणाले. "झाड हाय तितंच हाय. आन् ज्या दिवशी येनार न्हाईस, त्या दिवशी आलो न्हाई असं लिव्ह."